लोणीच्या बांधावरची चारशे सतरा

आमच्या कंपनीत रजेचा अर्ज मंजूर होऊन परत यायचा तेव्हा त्याला स्टेपलरने एक छोटी प्लास्टिकची पिशवी टोचलेली असायची. अर्जावर आमच्या विभागप्रमुख सरांची सही आणि सहीखाली दोन शब्द : माती आणा. मग तुम्ही लग्नाला जा, मुंजीला जा, नाहीतर कुणाच्या दहाव्याला जा. जिथे जाल तिथली चमचाभर माती आणायची. वरचा पालापाचोळा बाजूला करून, चार बोटं खालून घ्यायची आणि पिशवीवर गावाचं नाव घालायचं. विसरलात तर पुढच्या अर्जावर सही करण्याआधी सर चष्म्यावरून बघणार आणि म्हणणार, "मागच्या खेपेला कोकणात गेला होतात म्हणे. तिथे जमीन नाहीये वाटतं?"

मी माझ्या मधुचंद्रालासुद्धा स्टीलचा चमचा घेऊन गेले होते. महाबळेश्वरात माझा नवाकोरा नवरा पिशवीचं तोंड धरून उभा आणि मी झाडाखाली उकिडवी बसून उकरतेय. त्याने पुढची बरीच वर्षं हा किस्सा पाहुण्यांना सांगितला. हसू येतंय अजून. पण मला जे सांगायचंय ते हसण्यासारखं नाही, आणि ते मी दोन माणसं सोडून आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही.

मी औषधांच्या कंपनीत सूक्ष्मजीवशास्त्र विभागात चौतीस वर्षं काढली. सुरुवातीच्या काळात आमचं काम एकच होतं. मातीतून नवीन अँटिबायोटिक शोधायचं. मातीत जिवाणूंची ही दाटी असते. खायला थोडं, खाणारे फार. मग काही जिवाणू असं काहीतरी सोडतात की शेजारी जगूच नये. सर नव्या मुलींना हे शिकवताना म्हणायचे, "तुम्ही पेठेतल्या ना? मग हे वेगळं समजावून सांगायला नको." जिवाणूंनी सोडलेल्या त्या विषातून आपली औषधं निघतात. म्हणून शेकडो गावांची माती आणायची, पाण्यात कालवायची, काचेच्या बश्यांत पसरायची आणि उगवलेला एकेक जिवाणू रोगाच्या जिवाणूसमोर उभा करून बघायचं की कोण कुणाला हटवतं. हटवलं तर बशीत त्याच्याभोवती एक स्वच्छ गोल वर्तुळ दिसतं. त्याला आम्ही झोन म्हणायचो. बहुतेक वेळा काही दिसायचं नाही. दिसलंच तर जुनंच, जगाला माहीत असलेलं काहीतरी निघायचं.

सर सदाशिव पेठेत राहायचे. उंच, किडकिडीत, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट आणि जीभ अशी की माणूस जागच्या जागी सोलून निघावा. पण डोळे! आम्ही विभागातल्या चौघी मुली बशी उजेडाकडे धरून "आहे की नाही" करत बसायचो, आणि सर दारातून आत येता येता म्हणायचे, "आहे. अस्पष्ट आहे, पण आहे. डावीकडून बघा." ते बरोबरच असायचं. मी त्यांना घाबरायचे आणि त्यांच्यासारखं व्हावं असंही मला वाटायचं. मला शिकवलं ते त्यांनीच. कॉलेजात मी फक्त पास झाले होते.

विभागात दुसरं महत्त्वाचं माणूस म्हणजे मामा. जिवाणूंचा खुराक शिजवायचा, काचसामान धुवायचं, वाफेच्या मोठ्या कुकरमध्ये, म्हणजे ऑटोक्लेव्हमध्ये, सगळं निर्जंतुक करायचं, हे त्यांचं काम. लोणी काळभोरहून यायचे. घरचा ऊस होता. मामा रजा घ्यायचेच नाहीत, त्यामुळे त्यांना पिशवी मिळायची नाही, आणि याचा त्यांना राग होता. एकदा ते स्वतःच धोतराच्या सोग्यातून ढेकूळ घेऊन आले आणि सरांच्या टेबलावर ठेवलं. "सायेब, रजा नगं मला. पन आमच्या बांधाची माती काय वाईट हाय का? ती बी घ्या की."

त्या ढेकळातून चारशे सतरा निघाली.

आमच्याकडे जिवाणूला नाव नसायचं, नंबर असायचा. चारशे सतरा दिसायला अगदीच दळभद्री. बशीत उगवायला दहा-दहा दिवस घ्यायची. उगवली की सुरकुतलेली, मळकट पिवळी, परातीच्या कडेला वाळलेल्या कणकेसारखी. पण तिच्याभोवती झोन पडला तो असा की डावीकडून बघायची गरजच पडली नाही. आणि ज्या जिवाणूला तिने हटवलं तो इस्पितळातून आलेला, जखमा चिघळवणारा, हातातली औषधं न जुमानणारा जिवाणू होता. सरांनी बशी खिडकीशी नेली. पट्टीने मोजलं. मग म्हणाले, "पुन्हा लावा." तीनदा लावली. तीनदा तेच. तिसऱ्या खेपेला सरांनी मामांना बोलावून त्यांच्यापुढे बशी धरली आणि म्हणाले, "मामा, ही तुमची." मामांनी हात धोतराला पुसले आणि नुसते बघत राहिले. त्या दिवसापासून ते तिला पोरगी म्हणायला लागले. सकाळी आले की आधी विचारायचे, "पोरगी कशी हाय?"

सरांनी स्वतःच्या हाताने तिच्या बारा अँप्यूल बनवल्या. म्हणजे जिवाणू गोठवून, सुकवून, काचेच्या इवल्या कुप्यांत भरून कुपीचं तोंड ज्योतीवर वितळवून बंद केलं. अशा कुपीत तो वर्षानुवर्षं झोपून राहतो, बदलत नाही. नियम एकच होता. प्रत्येक नव्या प्रयोगाला नवी कुपी फोडायची. नळीतून नळीत नेत राहायचं नाही. का नाही, ते सरांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्यांना "का" विचारायची हिंमत कुणाची होती?

मुंबईच्या मुख्य कार्यालयाला आता घाई झाली. मोठ्या टाकीत चारशे सतरा वाढवा, माल काढून दाखवा, आम्ही येऊन बघतो. काम माझ्याकडे आलं. कुपी फोडायची तर दहा दिवस वाट बघा, आणि वर येणार ते सुरकुतलेलं मळकट प्रकरण. त्यापेक्षा नळीतल्या वाढीतून पुढच्या नळीत नेलं की काम पटकन व्हायचं. चार-पाच वेळा नेल्यावर बशीत मधूनमधून काही टपोऱ्या, पांढऱ्याशुभ्र, खवलेल्या नारळासारख्या कॉलन्या, म्हणजे जिवाणूंचे ठिपके, दिसायला लागल्या. मला नीटनेटकं आवडतं. मुलगी नीटनेटकी आहे, असं आईने माझ्या सासरी सांगितलं होतं, आणि ते खरं होतं. मंडईत मेथीची जुडी निवडावी तशी मी कॉलनी निवडत गेले. वाळकी, पिवळी बाजूला. टवटवीत ती पुढच्या नळीत. दोन महिन्यांत माझ्या नळ्या बघून कुणीही म्हणावं, वा! चार दिवसांत भराभर वाढणारी, देखणी चारशे सतरा. माझ्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे, "चांगली दिसणारी कॉलनी घेतली." पानामागून पान तेच.

त्याच सुमारास सर आठवडाभर मुंबईच्या बैठकांना गेले आणि इकडे तपासणी लागली. औषध कंपनीत तपासणी म्हणजे घरी व्याही येणार असल्यासारखं. जुनं, धुळकट, लेबल पुसट झालेलं सगळं बाहेर काढायचं. सरांच्या बारापैकी चार कुप्या उरल्या होत्या. लेबलं पिवळी पडलेली. मी माझ्या देखण्या वाढीतून तेवढ्याच नव्या चार कुप्या बनवल्या, टाइप केलेली लेबलं लावली आणि त्या चार जुन्या कुप्या ऑटोक्लेव्हच्या टोपलीत टाकल्या. मला वाटलं, मी सरांचं काम सुधारून ठेवलं. देवाशपथ सांगते, मला शाबासकीची अपेक्षा होती.

मुंबईची मंडळी आली त्या दिवशी टाकीतला माल बशीवर लावला. दुसऱ्या दिवशी बशी उघडली तर काठापासून काठापर्यंत रोगाचा जिवाणू सुखाने वाढलेला. वर्तुळ नावालाही नाही. मंडळी चहा पिऊन गेली. सरांनी पुन्हा लावलं. नवी कुपी फोडून लावलं. तीन महिने लावत होते. खुराक बदलला, तापमान बदललं, पाणी बदललं. मामा बिचारे लोणीहून विहिरीचं पाणी घेऊन आले, की पोरीला माहेरचं पाणी लागत असेल.

एका दुपारी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. हातात कुपी होती.

"यातली वाढ पांढरी कशी? या कुप्या माझ्याच ना? मी बनवलेल्या?"

मी म्हटलं, "हो, सर. फक्त लेबलं नवी टाइप केलीत."

का म्हटलं? आजवर हजार वेळा स्वतःला विचारलंय. देखण्या कॉलन्या ते विष बनवतच नाहीत, हे तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं. जो जिवाणू औषध बनवतो त्याची सगळी ताकद त्यात जाते, म्हणून तो रोडका राहतो. जो ते काम सोडून देतो तो मस्त फोफावतो. हे मी नंतर वाचलं. त्या दुपारी मला एवढंच माहीत होतं की कुप्या न विचारता टाकल्या आणि आता सरांची जीभ चालेल. मी घाबरले. दुसरं काही नाही. मला वाटलं होतं, कारण काहीतरी वेगळंच निघेल आणि कुप्यांचा विषय मागे पडेल.

सरांनी अहवाल लिहिला. तो मी टाइप केला. "सुरुवातीची निरीक्षणं पुन्हा मिळत नाहीत. झोन पाहण्यात आणि मोजण्यात माझी चूक झाली असावी." खाली सही. आमच्या विभागात ज्या माणसाच्या डोळ्यांवर सगळ्यांची मदार होती त्याने स्वतःच्या हाताने लिहून दिलं की मला चुकीचं दिसलं. मुख्य कार्यालयाने मातीचं काम बंद केलं. नवीन औषधं आता बाहेरून विकत घेता येतात, उकरत कशाला बसायचं? रजेच्या अर्जाला पिशवी लागायची थांबली. आमचा विभाग तपासणीचा झाला. पाण्यात जिवाणू किती, हवेत किती, कामगारांच्या बोटांवर किती, ते मोजायचं आणि तक्त्यात भरायचं.

सर मोजायचे आणि मग बशी माझ्याकडे आणायचे. "तू मोज बघू." मी मोजायचे. बत्तीस. त्यांचेही बत्तीसच असायचे. "नक्की?" ते विचारायचे. माझ्या बापाच्या वयाचा माणूस, ज्याने मला बशी धरायला शिकवलं, तो मला विचारायचा, नक्की? मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण मी म्हणायचे, "नक्की, सर."

हे असं चारेक महिने चाललं असेल. एका सकाळी मामा कोल्ड रूममधून एक नळी घेऊन माझ्याकडे आले. कापसाचा बोळा पिवळा पडलेला, वर त्यांच्या वेड्यावाकड्या अक्षरात खडूने ४१७. "ताई, ही पोरीची पयली नळी. तवाच मागं लपवून ठिवली हुती म्या. आमच्या रानातली म्हनून. सायबास्नी सांगू नगा, वरडतील. पन आता सगळं फेकत्यात, तर हिचं काय करू?"

मी म्हटलं, ठेवा इथे.

नळीत ती होती. सुरकुतलेली, मळकट. मी ती कुणाला न सांगता लावली. उगवायला दहा दिवस, मग रोगाच्या जिवाणूसमोर एक दिवस. अकराव्या दिवशी सकाळी बशी खिडकीशी धरली आणि पट्टी लावली. झोन होता. स्वच्छ, गोल, पहिल्या दिवशी होता तसाच. सर पलीकडच्या खोलीत पाण्याच्या बश्या मोजत बसले होते. मधे एक दार होतं, तेही उघडंच होतं.

मी गेले नाही.

गेले असते तर काय सांगावं लागलं असतं? की कुप्या तुमच्या नव्हत्या. की मी तोंडावर खोटं बोलले. अहवाल वरपर्यंत गेला होता, तो मी टाइप केला होता. आणि त्याच महिन्यात बढतीच्या यादीत माझं नाव होतं. लपवाछपवी कशाला करू? मी भ्याले, आणि मला बढतीही हवी होती. दोन्ही खरं आहे. मी ती बशी ऑटोक्लेव्हमध्ये टाकली आणि नळी कोल्ड रूमच्या मागच्या कप्प्यात ठेवून दिली. स्वतःला सांगितलं, नळी तर आहे ना जिवंत, योग्य वेळ आली की सांगू.

नळीतला जिवाणू दर काही महिन्यांनी नव्या खुराकावर न्यावा लागतो, आणि ही नळी आधीच जुनी होती. दहा मिनिटांचं काम. मी दर महिन्याला तो कप्पा उघडायचे, नळी बघायचे आणि ठेवून द्यायचे. नव्या नळीवर नंबर घालावा लागला असता, नोंद करावी लागली असती, कुणीतरी विचारलं असतं. उद्या करू. मग परवा करू. आतला खुराक आकसत आकसत काचेला चिकटलेल्या डिंकासारखा झाला. दीड वर्षाने मी तो खरवडून लावला तेव्हा काही उगवलं नाही.

मामा निवृत्त होईपर्यंत विचारत होते, "ताई, पोरगी बरी हाय ना?" मी म्हणायचे, "बरी आहे, मामा." त्यांना निरोप दिला त्या दिवशीही म्हटलं. पुढे काही वर्षांनी एकदा मी लोणीला जाऊनही आले, चमचा घेऊन. ऊस कधीच गेला होता. त्या रानात कुठल्याशा कॉलेजची इमारत आणि पुढे फरशीचं पार्किंग. कंपाउंडच्या कडेची माती घेतली, आणून लावली. त्यातून खंडीभर निघाले, ती नाही निघाली. निघायचीही नव्हती.

सरांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. मी नारायण पेठेत राहते, ते सदाशिव पेठेत. रमतगमत गेलं तरी दहा मिनिटं. इतक्या वर्षांत मी एकदाही गेले नाही. लक्ष्मी रोडवर एकदा समोरून येताना दिसले तर मी शेजारच्या दुकानात घुसले आणि नको असलेला साडीचा फॉल घेऊन बाहेर पडले. दिवाळीला इतर सगळे त्यांच्याकडे जायचे. मला ताप असायचा, नाहीतर पाहुणे असायचे.

गेल्या वर्षी कंपनीने आमची जागा विकायची ठरवली. प्रयोगशाळा दुसऱ्या राज्यात जाणार आणि तिथे माती-बितीतले जुने जिवाणू नको होते. हल्ली यंत्रात ठिपका ठेवला की पाच मिनिटांत जिवाणूचं नाव पडद्यावर येतं. जुना साठा नष्ट करायची यादी झाली आणि विभागप्रमुख म्हणून माझी सही लागणार होती. माझ्या हाताखालची मुलगी यादी घेऊन आली. "मॅडम, फोर सेव्हन्टीन रजिस्टरमध्ये आहे पण फिजिकली मिसिंग आहे. डेव्हिएशन रेज करू का?" म्हणजे चुकीची रीतसर नोंद.

मी म्हटलं, "नको. ती कुठे गेली ते मला माहीत आहे."

सगळा साठा टोपल्या भरभरून ऑटोक्लेव्हमध्ये गेला. कुठली कुठली गावं होती त्यात, कुणाकुणाच्या मुंजी, लग्नं, दहावे. माझं महाबळेश्वरही गेलं. दुपारभर शिजवलेल्या मातीचा वास विभागात भरून राहिला होता. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. महिनाअखेर मी निवृत्त झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला चपला घातल्या आणि सरांच्या घरी गेले.

दार काकूंनी उघडलं. सरांच्या पत्नी. पूर्वी डबा विसरला की त्या कंपनीत यायच्या, म्हणून ओळख. "अगं बाई, तू! वाट चुकलीस का?" त्यांनी नेहमीच्या सुरात टोमणा मारला आणि लगेच हात धरून आत घेतलं. सर खिडकीशी खुर्चीत होते. शर्ट तोच, पांढरा, अर्ध्या बाह्यांचा. माझा आवाज ऐकून त्यांनी मान तिरकी केली. काकू म्हणाल्या, "त्यांना आता मधलं दिसत नाही. कडेकडेचं दिसतं थोडं. पडदा खराब झालाय डोळ्यांचा." मग स्वयंपाकघरात चहा टाकताना हळूच म्हणाल्या, "आणि चांगलं दिसत होतं तेव्हा तरी काय गं? कंपनीतलं ते प्रकरण झालं, तेव्हापासून हे काही बघितलं की मला विचारायचे. गोळी पांढरीच आहे ना? कुलूप लागलंय ना? पेपरात हेच लिहिलंय ना? मला वेड लागायची पाळी आली. एवढा हुशार माणूस."

मी चहा घेतला नाही. सरांसमोर मोढ्यावर बसले आणि म्हटलं, "सर, चारशे सतरा खरी होती."

मग मी सगळं सांगितलं. त्यांना आवडायचं तसं, क्रमाने, फापटपसारा न लावता. देखण्या कॉलन्या, टाकलेल्या कुप्या, खोटं उत्तर, मामांची नळी, खिडकीशी धरलेली बशी. काकू दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

"झोन किती होता?" सरांनी विचारलं. "मामांच्या नळीचा."

"बावीस मिलिमीटर."

"माझा एकवीस होता," सर म्हणाले. जरा थांबून पुन्हा म्हणाले, "एकवीस."

काकू पुढे आल्या. "अहो, ऐकलंत का? तुम्हाला बरोबर दिसलं होतं. अहो, तुम्हाला बरोबरच दिसलं होतं!" त्या रडत होत्या. सरांनी त्यांना हाताने थांबवलं.

"नळी कुठे आहे?"

"नाही, सर."

"नाही म्हणजे?"

मी म्हटलं, वाळली. दीड वर्षात वाळली.

मी वाट बघत होते की आता ती जीभ चालेल, आणि मला ती हवी होती. पण ते अगदी सावकाश बोलले. "चांगली दिसणारी कॉलनी उचलायची, हे कुणीही केलं असतं. उचलू नये, हे मी तुला शिकवायला पाहिजे होतं. ती चूक माझी. खोटं बोललीस, तेही समजतं. मी माणसांना घाबरवून ठेवायचो. पण ती जिवंत तुझ्या हातात होती गं. माझं नाव गेलं, ते जाऊ दे. माझ्या नावाने कुणाचा ताप उतरणार होता? तिने कदाचित उतरला असता. नसताही. निदान बघता आलं असतं."

मी मोढा त्यांच्या एका कडेला, त्यांना दिसेल असा सरकवला.

"लिहून दे," ते म्हणाले.

काकूंनी पॅड आणून दिलं. मी लिहिलं आणि त्यांच्या सांगण्यावरून मोठ्याने वाचलं. माझ्याच आवाजात ते सगळं पुन्हा ऐकलं. शेवटच्या ओळीपर्यंत ते मान तिरकी करून ऐकत होते. शेवटची ओळ होती, "ही नळी नंतर चुकून वाळली."

"काय झाली?"

"चुकून वाळली, सर."

"खोड ते."

आमच्या धंद्यात चुकलेलं गिरगटून टाकता येत नाही. मधून एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही. मी रेघ मारली, सही केली. विचारलं, "मग काय लिहू?"

"ते मी सांगायचं?"

मी लिहिलं, "मी ती वाळू दिली." आणि वाचून दाखवलं. तेव्हा त्यांनी हात पुढे केला. कागद डोळ्यांच्या उजवीकडे धरून पाहिला, डावीकडे धरून पाहिला, मग चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवला.

निघताना मी दारातून विचारलं, "सर, पुन्हा येऊ ना?"

"नको," ते म्हणाले. मग माझ्या बाजूला चेहरा वळवला. "रागाने नाही सांगत. ती होती, हे मला आज कळलं, आणि ती गेली हेही आजच. मला जरा सुतक पाळू दे."

मी चपला घातल्या आणि जिना उतरले. त्याला आता आठ महिने झाले. मी गेलेले नाही आणि त्यांनी बोलावलेलं नाही.